आई ओळखत नाही, मग भेटायला जाऊन करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ८१, अल्झायमरचं निदान होऊन काही वर्षं झाली. गेल्या पावसाळ्याच्या आधी तिला सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलं. मुलगी कोथरूडला राहते, दर रविवारी जाते, दुपारभर बसते. आई तिला कधी 'आक्का' म्हणते, कधी 'आपण कोण?' विचारते, आणि निघायच्या वेळी 'मला घरी ने' म्हणून हात सोडत नाही. कॅलिफोर्नियातला भाऊ म्हणतो, 'तू येऊन गेलीस हे तिला आठवतसुद्धा नाही, मग एवढा त्रास कशाला करून घेतेस?' नातेवाईक 'आईला आश्रमात टाकली' म्हणून बोलतात ते वेगळंच. मुलीला विचारायचंय, जाणं कमी करू का? गेले तर तिथे नेमकं काय करू? आणि दिवाळीला तिला घरी आणू का?

ताई, मी नर्स आहे. विसराळू म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डातच माझी सगळी नोकरी झाली, आणि अजूनही पुण्यातल्या एका सेंटरची व्यवस्था बघते. भावाच्या म्हणण्यापासून सुरुवात करते, कारण ते अर्धं खरं आहे.

तुम्ही गेटबाहेर पडून रिक्षात बसेपर्यंत ती भेट आईच्या डोक्यातून गेलेली असेल. मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग या आजारात सुरुवातीलाच झिजतो, आणि नवी घटना साठवून ठेवणं हे त्याचंच काम. पण त्या घटनेने मनात जे उठतं, त्याचा कारभार दुसरीकडे चालतो. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना आधी दुःखी आणि मग आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखवून बघितले. थोड्याच वेळात रुग्ण काय पाहिलं ते विसरले, एकाला तर काही पाहिलं हेही आठवेना. मन मात्र बराच वेळ जड राहिलं किंवा हलकं राहिलं. २०१४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली एक गोष्ट मला फार लागली: ज्यांना चित्रपटातलं कमी आठवत होतं, त्यांचं दुःख जास्त वेळ टिकलं. आपण का खिन्न आहोत हे ज्याला सांगता येत नाही, तो स्वतःची समजूत कशी घालणार?

वॉर्डात हे रोज दिसतं. घरच्यांशी भेट नीट झाली की आजी दुपारी जेवतात, अंघोळीला कटकट करत नाहीत. भेटीत वाद झाला की संध्याकाळी एखाद्या मावशीला, म्हणजे सेवेच्या बाईला, चापट बसते. का ते मावशीला कळत नाही, आणि आजींनाही सांगता येत नाही.

दुसरं कारण सहसा कुणी तोंडावर सांगत नाही. ज्यांच्याकडे माणूस येतं, त्यांच्या खोलीत मावशी एखादा फेरा जास्त मारते. असं व्हायला नको, पण होतं, चांगल्या ठिकाणीही होतं. तेव्हा जाणं कमी करू नका. जाण्याची पद्धत मात्र बदला.

रविवारची अख्खी दुपार बसणं सोडून द्या. त्या दिवशी सगळ्यांचीच माणसं येतात, हॉलमध्ये टीव्ही, लहान मुलं, डब्यांचे वास, आणि तुमच्या आईला त्यातलं काहीच धड लागत नाही. आठवड्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास पुरे. अंघोळ-नाश्ता उरकल्यावर, दहा-साडेदहाच्या सुमारास बहुतेकांचं डोकं सगळ्यात चांगलं चालतं. दुपारचा चहा झाल्यावरही चालेल. दिवेलागणीला शक्यतो नको. ऊन उतरलं की यातल्या पुष्कळ जणांची घालमेल सुरू होते, येरझाऱ्या, दार हलवणं, 'माझी पोरं शाळेतून आली का?' तुमचं निघणं त्यात पडलं तर दोघींचे हाल. मात्र अधूनमधून न सांगता, वेगळ्या वेळी, मुद्दाम जेवणाच्या वेळीही डोकावत जा. ते कशासाठी, ते पुढे सांगते.

आता ओळखण्याचं. दारातूनच सगळे विचारतात, 'ओळखलंस का? सांग बरं मी कोण?' हे बंद करा, आणि तुमच्या मुलांना, मावश्यांना, आत्यांनाही बंद करायला लावा. उत्तर आलं नाही की तुम्हाला लागतं आणि तिला लाज वाटते. बोलता येत नसलं तरी आपण काहीतरी चुकलो एवढं तिला तुमच्या चेहऱ्यावरून बरोबर समजतं. समोरून जा. या आजारात बाजूचं दिसणं आकसतं, मागून खांद्यावर हात पडला तर माणूस दचकतं. ती बसलेली असेल तर तुम्हीही खुर्ची ओढून तिच्या डोळ्यांच्या पातळीला या आणि सरळ सांगून टाका, 'आई, मी आले, तुझी धाकटी.' मग तिला आठवो न आठवो.

'आक्का' म्हणते त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिच्या डोक्यात आत्ता तिची धाकटी परकर-पोलक्यात असेल. समोर उभी राहिलेली, केस पिकलेली, चष्म्यातली बाई तिच्या मुलीच्या हिशेबात कशी बसायची? पण ही बाई आपली आहे, आपल्यावर जीव टाकणारी आहे, एवढं तिला पक्कं कळलंय, म्हणून तिने तुम्हाला थोरल्या बहिणीच्या जागी बसवलंय. तिथे बसा. 'आक्का नाही गं मी' असं दर वेळी दुरुस्त करायची काही गरज नाही. काही जणी मला म्हणतात, हे खोटं बोलणं झालं. मला तसं वाटत नाही. तुम्ही 'हो, मी आक्का' असंही म्हणायला नको, नुसतं 'काय गं, बोल' म्हटलं तरी भागतं.

आपल्याकडे भेट सुरू होते ती 'जेवलीस का?' पासून. तुमच्या आईला दोन तासांपूर्वीचं आठवत नाही, मग ती म्हणणार, 'नाही बाई, इथे कोण देतंय जेवायला?' आणि तुम्ही रागारागाने ऑफिसात. महिन्यातून एकदा तरी आमच्याकडे असा प्रसंग होतो. जेवली की नाही हे तिला विचारायचंच नाही. जेवणाची नोंद सिस्टरकडे असते, ती मागा, आणि वजनाचा तक्ता बघा. दर महिन्याला वजन करत नसतील तर करायला सांगा. वजन उतरत असेल तर मग भांडा, तेव्हा तुमच्या हातात पुरावा असेल. तसंच 'काल कोण आलं होतं?', 'सकाळी काय केलंस?' हे प्रश्नही नकोत. अलीकडचं काही विचारायचंच नाही. अलीकडचं आपण सांगायचं, तिने ऐकायचं: 'आज मंडईत गेले होते, मटार आलेत छान.'

आणि ते मटार पिशवीतून काढायचे. ही माझी सगळ्यात आवडती युक्ती आहे. नुसतं समोरासमोर बसून बोलायचं म्हटलं की अर्धा तास संपत नाही, विषय संपतात. हाताला काम असलं की बोलायची सक्ती राहत नाही. हातांची आठवण वेगळी असते, ती फार उशिरापर्यंत टिकते. स्वतःचं नाव सांगता न येणाऱ्या बाया वाती वळताना मी पाहिल्यात, फुलवातीसुद्धा, एकसारख्या, मांडीवर. कापूस न्या. मेथी न्या निवडायला. रुमाल, नॅपकिन न्या घड्या घालायला, घालून झाल्या की हळूच मोडून पुन्हा पुढे ठेवल्या तरी चालतं. ओवायला फुलं न्यायची असतील तर बोथट सुई आणि जाड दोरा. कच्चे तांदूळ, शेंगदाणे नको, मूठ सरळ तोंडात जाते. बटणं, मणीही नको. खोबरेल तेलाची छोटी बाटली आणि फणी न्या. केसांना तेल लावून वेणी घालणं ही अख्खी एक भेट होऊ शकते, त्यात एक शब्द बोलला नाहीत तरी. गजरा जरूर न्या, पण वास घेऊन ती खुलेल अशी फार आशा धरू नका. वासाची जाण या आजारात लवकर मंदावते. तिच्या हातात द्या, माळा, आरसा मात्र जपून दाखवा, कारण आरशातली म्हातारी कोण हे न कळून काही जणी घाबरतात.

पुरुषांचं काम त्यांच्या नोकरीत असतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा पहाटे उठून बसायचे, 'पहिली पाळी आहे, डबा भरा.' मुलगा समजावायचा, बाबा तुम्ही केव्हाच रिटायर झालात, आणि आजोबांचा आवाज चढायचा. शेवटी आमच्या एका मावशीने खरंच एका स्टीलच्या डब्यात चार बिस्किटं घालून डबा हातात दिला. ते गेटजवळच्या बाकावर जाऊन बसले, बिस्किटं खाल्ली, डबा परत आणून दिला. मग तोच रोजचा नेम झाला. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला जुनं पासबुक द्या, मेकॅनिकला नट-बोल्ट द्या, मोठ्या आकाराचे. तोंडात जाणार नाहीत असे.

गाणं, आरती, पाठ केलेलं काहीही, हेही असंच उशिरापर्यंत राहतं. वाक्य जुळत नाही अशी माणसं गणपतीची आरती सलग म्हणतात. रामरक्षा तुम्ही सुरू करा आणि मध्येच थांबा, पुढची ओळ बहुधा ती म्हणेल. नाही म्हणाली तर तुम्ही पुढे म्हणा, थांबून वाट बघत बसू नका, नाहीतर पुन्हा तेच परीक्षा घेणं झालं. फोटोंचंही तसंच. 'हा कोण?' असं न विचारता 'हा दादा, मुंजीतला, डोक्यावर टोपी बघ कशी' असं सांगा. एका वेळी एक फोटो, मोठा करून घेतलेला. मोबाइलवर भराभर सरकवलेल्या फोटोंनी डोकं गरगरतं, आपलंसुद्धा.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात अवघड म्हणजे 'मला घरी ने'.

यावर दोन उत्तरं सगळे देतात आणि दोन्ही फसतात. 'आता हेच तुझं घर' म्हटलं की ती घाबरते. 'उद्या नेते' म्हटलं की तेवढ्यापुरतं निभावतं, पण आवाजातली टाळाटाळ तिला जाणवते, आणि उद्याही हाच प्रश्न उभा असतो. आधी बघा की तिला लघवीला जायचंय का, भूक लागलीय का, पाय दुखतोय का, थंडी वाजतेय का. ज्याला आपली अडचण शब्दांत सांगता येत नाही, तो 'इथून ने' एवढंच म्हणतो. ते काहीच नसेल तर त्या घराबद्दल विचारा. कुठलं घर ते लक्षात येईल. बहुधा तुमचं कोथरूडचं घर नसतंच ते. ती म्हणेल, चौकात हौद आहे, माजघरात आई आहे. म्हणजे ती दहा-बारा वर्षांची आहे आणि तिला तिची आई हवी आहे. 'तुझी आई काय करायची गं संध्याकाळची?' एवढं विचारलं की कित्येकदा ती त्या घरात जाऊन येते, तुम्हाला कुठे न्यावं लागत नाही.

एक मात्र करू नका. गाडीत घालून तिला तिचा जुना वाडा दाखवायला पेठेत नेऊ नका. ती जागा आता पाच मजली इमारत असेल, खाली मोबाइलचं दुकान. वाडा कुठे गेला हे तिला समजावणं अशक्य, आणि त्या दिवसानंतर ती घर शोधत राहते. हौस म्हणून हे करणारी माणसं मी बघितलीत, परत आल्यावर आजी रात्रभर झोपत नाहीत.

जुन्या आठवणी सगळ्याच गोड नसतात, हेही धरून चाला. तुमच्या आईच्या वयाच्या पुणेकरांच्या मनात १२ जुलै १९६१ असतोच. त्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी चढलं. तेव्हा ही माणसं पंधरा-वीस वर्षांची, म्हणजे ज्या वयातलं सगळ्यात खोल कोरलं जातं त्या वयातली. नारायण पेठेतल्या एक आजी आमच्याकडे होत्या. जुलैत पाऊस लागून राहिला की उशा, चादरी, चपला, देवाचा फोटो, सगळं कॉटवर रचायच्या आणि स्वतः वर चढून बसायच्या. नव्या मावशीला वाटलं, या पळून जायच्या तयारीत आहेत, आणि फाइलमध्ये तशी नोंदही झाली. दार बंद ठेवायला लागले, त्याने त्या आणखी घाबरल्या. सून भेटायला आली तेव्हा तिने सांगितलं की त्यांचं घर पुरात गेलं होतं. मग पाऊस लागला की आम्हीच त्यांचं सामान वरच्या कप्प्यात ठेवून द्यायचो आणि म्हणायचो, 'आजी, सगळं वर ठेवलंय, पाणी आलं तरी भिजणार नाही.' कॉटवर चढणं थांबलं. पडून खुबा मोडायची भीती होती, ती गेली.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. एका पानावर मोठ्या अक्षरात आईची माहिती लिहा आणि तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. तिला काय म्हणून हाक मारलेली आवडते (शाळेत शिकवत असेल तर 'आजी'ला ओ देणार नाही, 'बाई'ला देईल), नोकरी कुठे होती, माहेर कुठलं, कशाची भीती, चहात साखर किती, कुठल्या कुशीवर झोपते, रडायला लागली तर काय केल्याने थांबते. मावश्या बदलतात, पाळ्या बदलतात. बऱ्याच जणी मराठवाड्यातून, विदर्भातून नव्या आलेल्या असतात, त्यांना नारायण पेठ आणि पानशेत कुठून माहीत असणार? ते पान तेवढं कामाला येतं.

तुमचे वडील कुठे आहेत असं ती विचारत असेल. तुम्ही लिहिलेलं नाही, पण आज ना उद्या विचारेलच. गेले म्हणून सांगितलंत तर तिच्यासाठी ती बातमी दर वेळी पहिल्यांदाच येते. कशाने गेले ते विसरेल, धक्का राहील. 'त्यांची आठवण आली का?' म्हणा, 'या वेळी ते काय करत असायचे?' म्हणा. स्वच्छ डोकं असताना, तुमच्याकडे सरळ बघून, 'खरं सांग, ते गेले ना?' असं विचारलं तर मात्र खोटं बोलू नका. हो म्हणा आणि जवळ बसा. अशा वेळा येतात, आणि त्या ओळखू येतात.

निघताना काय करायचं ते एका दमात सांगते. पर्स आणि पिशवी ऑफिसात ठेवून आत जा, कारण तुम्ही पर्स खांद्याला लावली की तिला कळतं. चहाच्या किंवा जेवणाच्या ऐन आधी निघा, आणि मावशीला आधीच सांगून ठेवा की अमुक वाजता ताट घेऊन ये. ताट आलं, पहिला घास घेतला, की 'जरा सिस्टरशी बोलून येते' म्हणून उठा. गळामिठी, डोळ्यांत पाणी, दारातून वळून वळून हात हलवणं हे सगळं तुमच्यासाठी असतं, तिला त्याने फक्त काहीतरी वाईट चाललंय असं वाटतं. रडू आलं तर खाली पार्किंगमध्ये रडा. तिथे रडणारे बरेच असतात, वॉचमनला सवय आहे.

आता ज्यासाठी मी म्हटलं की वेगवेगळ्या वेळी जा. तुम्ही तिची माणसं आहात तशाच बाहेरून येणारी नजरही आहात, आणि ही नजर जीव वाचवते. भेटीत गप्पा मारता मारता तिचं अंग बघा. नखं वाढलीत का, तोंड कोरडं पडलंय का, कवळी घासलेली आहे का, टाचांवर आणि माकडहाडावर त्वचा लाल झालीय का (पडून असलेल्या माणसाला तिथूनच जखम सुरू होते), ब्लाउज ढगळ झालाय का. चष्मा तिचाच आहे ना? हसू नका, आमच्याकडे चष्म्यांची अदलाबदल सतत होते. काडीवर आतल्या बाजूला नाव लिहून ठेवा. कानाचं मशीन असेल तर त्यातली बॅटरी बघा. 'आई हल्ली काही बोलतच नाही' म्हणणाऱ्या एका मुलाला मी मशीन काढून दाखवलं, बॅटरी केव्हाच संपली होती.

आणि हे नीट लक्षात ठेवा: अल्झायमर हळूहळू वाढतो, महिन्या-महिन्यांनी. दोन-तीन दिवसांत आई एकदम वेगळी वाटायला लागली, भ्रम व्हायला लागले, किंवा उलट अगदी गप्प, झोपाळू झाली, घास तोंडात धरून बसायला लागली, तर ते आजाराचं पुढचं पाऊल आहे असं कुणी म्हटलं तरी मानू नका. त्याला डिलिरियम म्हणतात, आणि त्यामागे बहुतेकदा शोधून सापडणारं कारण असतं. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, पाणी कमी पडणं, चार-पाच दिवस शौचाला न होणं, रक्तातलं सोडियम उतरणं, कुठे पडून लागलेलं असणं, नाहीतर नवी गोळी. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवायला सांगा. गप्प झालेल्या आजींकडे सगळ्यात उशिरा लक्ष जातं, कारण त्या त्रास देत नाहीत.

गोळ्यांची यादी दर महिन्याला मागा, तो तुमचा हक्क आहे. दोन गोष्टी त्यात शोधा. एक, सर्दी-खाजेच्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिलेल्या काही गोळ्या. स्मरणशक्तीसाठी दिलेली डोनेपेझिल मेंदूतलं ॲसिटिलकोलिन टिकवून धरते आणि या गोळ्या त्याचंच काम अडवतात, म्हणजे एकाच ताटात औषध आणि त्याचा उतारा. दोन, 'रात्री शांत राहाव्यात म्हणून' सुरू केलेलं मानसिक आजारावरचं (अँटिसायकोटिक) औषध. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिलाय. कधी कधी ती लागतात, मी नाही म्हणत नाही, माणूस स्वतःला इजा करायला लागलं तर दुसरा मार्ग राहत नाही. पण कुणी लिहून दिली, किती, आणि पुन्हा कधी तपासून कमी करणार, हे तिन्ही विचारा. परस्पर बंद मात्र करू नका. खुर्चीला किंवा कॉटला बांधलेलं दिसलं तर तिथेच थांबून जबाबदार माणसाला गाठा. उत्तर समाधानाचं मिळालं नाही तर १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांसाठीचा सरकारी हेल्पलाइन क्रमांक आहे.

हे सगळं विचारताना मावशीशी भांडू नका. मावशीला नावाने हाक मारा, तिच्या मुलाबाळांची चौकशी करा, दिवाळीला तिच्यासाठीही काही न्या. तक्रार ऑफिसात करा, आणि चांगलं झालेलंही ऑफिसातच सांगा, तिच्यासमोर.

खाऊचं थोडं. बाकरवडी, चिवडा, लाडू नेऊ नका, कोरडं आणि भुगा होणारं घशात अडकतं किंवा श्वासनलिकेत जातं. मऊ शिरा, केळं, आटवल, सायीचं दही चालेल, तेही सिस्टरला विचारून. ताठ बसवून, छोटे घास, आणि खाल्ल्यावर अर्धा तास तरी आडवं करू नका. जेवताना खोकला येत असेल, आवाज ओला घोगरा होत असेल, तर गिळण्याची तपासणी करून घ्या.

भावाचा व्हिडिओ कॉल पाच मिनिटांच्या वर नको. तुम्ही तिच्या शेजारी बसलेल्या असताना, एकट्याने बोलायचं, सावकाश, मागे त्याची मुलं-बायको गलका करत नकोत. त्याच्याकडे रात्रीचे साडेनऊ-दहा (हिवाळ्यात साडेआठ-नऊ) म्हणजे आपल्याकडे सकाळची तीच चांगली वेळ, जमवता येईल. नाहीतर त्याला दोन मिनिटं आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगा, 'आई, मी बोलतोय' पासून. तो मावशी हवा तेव्हा लावू शकते, आणि आईला तो दर वेळी नवा असतो. इथे तिच्या विसरण्याचा फायदाच.

नातेवाईक लग्नाकार्यात 'आईला आश्रमात टाकली म्हणे' असं बोलतात, तेही तुम्ही लिहिलंय. त्यांना सांगा की गुरुवारची भेट मोकळी आहे, तुम्ही जा. बहुतेकांचा विषय तिथेच बदलतो.

राहता राहिलं दिवाळीला घरी आणावं का. रात्री राहायला नको. लक्ष्मीपूजनाला तर अजिबात नको, फटाके आणि गर्दी तिला झेपणार नाहीत. पाडव्याला सकाळी नऊच्या सुमारास आणा, तिच्या ओळखीच्या मावशीला सोबत घ्या, तिचे त्या दिवसाचे पैसे वेगळे द्या. घरी चार माणसांपेक्षा जास्त नकोत. बाथरूममधली पायपुसणी उचला, आतली कडी काढून ठेवा, देवघरातल्या समया उंचावर. जेवण होऊन एक झोप झाली की चारच्या आत परत, उजेड असताना. गाडीत बसतानाच ती कावरीबावरी झाली तर हट्ट धरू नका, मऊ शिरा तिकडे न्या आणि वाटीत काढून चमच्याने भरवा. कुठलंही ठरलं तरी ऑफिसला आदल्या दिवशी कळवा, म्हणजे परत आल्यावर तिचं ताट आणि दुपारच्या गोळ्या यांचा घोळ होणार नाही.